टीव्हीवरच्या राजकीय चर्चा आणि पक्षपात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकरा वर्षं एका मराठी वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर, म्हणजे बातम्या पडद्यावर कशा जातील ते ठरवणाऱ्या विभागात, होते. आता वाचनालयांत, महाविद्यालयांत आणि महिला मंडळांत टीव्हीच्या बातम्या कशा पाहाव्यात यावर कार्यशाळा घेते. कार्यशाळा संपली तरी प्रश्न संपत नाहीत. ते फोनवर, चिठ्ठ्यांवर, व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पक्षपात म्हणजे नेमकं काय? कुणी ठाम मत मांडलं की तो पक्षपाती झाला का?

नाही. "हा कायदा मला चुकीचा वाटतो आणि ही त्याची कारणं" असं कुणी उघडपणे सांगितलं, तपासून पाहता येतील अशी कारणं दिली, तर ते मत झालं. ते तुम्हाला पटणार नाही कदाचित, पण त्यात तुमची फसवणूक नाही.

पक्षपात म्हणजे मापात पाप. एका गिऱ्हाइकाला एक वजन, दुसऱ्याला दुसरं. एका पक्षातून आमदार बाहेर पडले की 'बंड' आणि दुसऱ्यातून बाहेर पडले की 'फोडाफोडी'. एका नेत्यावर ईडीची धाड पडली की तीन दिवस चर्चा, आणि तोच नेता बाजू बदलून आला की त्या प्रकरणाचं नावही नाही. म्हणून एकच कार्यक्रम पाहून कुणालाही पक्षपाती ठरवू नका. तराजूची दोन्ही पारडी दिसल्याशिवाय माप कळत नाही. तुलना कशी करायची ते प्रश्न १६ मध्ये आहे.

२. बातमी कुठे संपते आणि मत कुठे सुरू होतं, हे टीव्हीवर कसं ओळखायचं?

वर्तमानपत्रात अग्रलेखाची जागा ठरलेली असते. टीव्हीला असं वेगळं पान नाही. सहाच्या बातम्या वाचणारा अँकरच आठला चर्चा घेतो, तोच सेट, तीच लाल पट्टी. त्यामुळे मत बातमीच्या कपड्यांत सहज फिरतं.

दोन खुणा लक्षात ठेवा. पहिली, प्रश्नचिन्ह. 'मोठा भूकंप होणार?', 'विरोधकांचा डाव उधळला?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की काहीही लिहिता येतं, कारण दावा केलाच नव्हता असं नंतर म्हणता येतं. दुसरी, 'सूत्रांची माहिती'. सूत्रं खरी असतात आणि पत्रकारितेला ती लागतातच. पण कोणत्या खात्यातली, किती जणांनी दुजोरा दिला, याचा काहीच पत्ता न देता सूत्रांच्या नावावर अर्धा तास चर्चा चालली, तर ती बातमी राहिलेली नाही.

३. अँकरने स्वतःचं मत सांगितलं तर चूक काय?

सांगितलं तर चूक नाही, लपवलं तर आहे. अँकर हा पंचही असतो आणि त्याच्या हातात माईकही असतो. पंचाने आपलं मत सांगून बाजूला व्हावं आणि मग सगळ्यांना सारखं बोलू द्यावं, हे मला चालेल. मत न सांगता एकालाच दटावत राहणं चालणार नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये वाहिन्यांच्या स्वनियंत्रण प्राधिकरणाने न्यूज१८ इंडियाला ५० हजारांचा दंड केला तो अँकरच्या वर्तनाबद्दलच होता. हिजाबच्या वादावरच्या चर्चेत हिजाबच्या बाजूने बोलणाऱ्या पाहुण्यांचा संबंध अल-कायदाच्या जवाहिरीशी जोडला गेला होता. पाहुण्यांचं म्हणणं खोडून काढणं वेगळं आणि त्यांना दहशतवाद्यांच्या रांगेत बसवणं वेगळं.

४. पक्षपात पडद्यावर नक्की दिसतो कुठे?

बहुतेक लोक अँकरच्या तोंडाकडे बघतात. खरं काम त्याआधी झालेलं असतं.

सकाळच्या मीटिंगमध्ये दिवसाचे विषय ठरतात. सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली गेला, जिल्हा रुग्णालयात औषधं नाहीत आणि एका नेत्याने दुसऱ्याला अमुक म्हटलं, यातलं आठ वाजता काय घ्यायचं? जे घेतलं नाही ते प्रेक्षकाला दिसतच नाही, म्हणून त्याची तक्रारही कुणी करत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा पक्षपात या टेबलावर होतो.

मग शीर्षक. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी पायी मुंबईला आले. सुमारे १८० किलोमीटर. दहावीच्या परीक्षा चालू होत्या म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्रीत चालून आझाद मैदान गाठलं. त्या आठवड्यात एका चर्चेला मी शीर्षक दिलं होतं, 'मोर्चामागे कोण?' वनजमिनीचे पट्टे, कर्जमाफी, यांतला एक शब्द त्यात नव्हता. पाहुण्यांनी काहीही बोलायच्या आत मी मोर्चेकऱ्यांना संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. मला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. तसं शीर्षक 'चालतं' हे मला ठाऊक होतं, एवढंच. ते आजही मला सलतं, आणि कार्यशाळांची सुरुवात मी याच उदाहरणाने करते.

त्यानंतर पाहुणे. सहा चौकटी दिसल्या म्हणजे सहा बाजू झाल्या असं नाही (प्रश्न ५ पाहा). मग आवाज. कोणाचा आवाज किती चढवायचा-उतरवायचा हे कंट्रोल रूममधल्या हाताखाली असतं. समोरच्याचं वाक्य ऐन मोक्यावर बारीक झालं तर तो मुद्दा हरल्यासारखा वाटतो.

शेवटी दृश्यं. दोन वर्षांपूर्वीच्या दगडफेकीची दृश्यं आजच्या शांत मोर्चाच्या बातमीवर चालवली आणि कोपऱ्यात 'संग्रहित' लिहिलं नाही, तर खालचं निवेदन कितीही संतुलित असलं तरी डोळ्यांनी जे पाहिलं तेच मनात राहतं.

५. 'राजकीय विश्लेषक' म्हणून येणारे खरंच तटस्थ असतात का?

काही असतात. काहींचा पक्षाशी जुना संबंध असतो, काही निवडणुकीत पक्षांना सल्ला देतात. संबंध असण्यात गैर काही नाही, पण पट्टीवर तो लिहिला पाहिजे. 'माजी आमदार', 'अमुक पक्षाचे माजी प्रवक्ते' एवढं लिहायला जागा लागते किती? दोन प्रवक्ते समोरासमोर आणि मधला 'विश्लेषक' दर वेळी एकाच बाजूला झुकत असेल, तर ती चर्चा दोनास एक झालेली आहे. नाव शोधून आधीच्या दोन निवडणुकांच्या वेळी ते काय करत होते ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

उलटाही प्रकार होतो. एका बाजूचा कसलेला प्रवक्ता आणि दुसऱ्या बाजूचा अगदी नवखा कार्यकर्ता बोलावतात. कागदावर समतोल, प्रत्यक्षात कुस्ती एकतर्फी. मात्र यात दोष नेहमी वाहिनीचा नसतो. मे २०१९ च्या शेवटी काँग्रेसने महिनाभर चर्चांना प्रवक्ते न पाठवण्याचं ठरवलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये इंडिया आघाडीने १४ अँकरांच्या कार्यक्रमांवर बहिष्कार जाहीर केला. त्यामागची नाराजी मला समजते, पण खुर्ची रिकामी ठेवली की ती बाजू दुसराच कुणीतरी आपल्या सोयीने मांडतो.

६. वाहिनीचा मालक कोण आहे, यावरून सगळं ठरतं का?

सगळं नाही, पण मालक माहीत असावा. सार्वजनिक नोंदींत असलेली माहिती अशी. साम टीव्ही सकाळ समूहाची. समूहाचे प्रतापराव पवार हे शरद पवारांचे बंधू. न्यूज१८ लोकमत ही नेटवर्क१८ आणि लोकमत यांची भागीदारी; लोकमतचे विजय दर्डा काँग्रेसचे राज्यसभा खासदार होते, तर नेटवर्क१८ चा ताबा २०१४ मध्ये रिलायन्सकडे गेला. झी समूहाचे सुभाष चंद्रा २०१६ मध्ये भाजपच्या पाठिंब्यावर हरियाणातून राज्यसभेवर गेले. एनडीटीव्ही डिसेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाच्या ताब्यात आली आणि तिची मराठी वाहिनी १ मे २०२४ ला सुरू झाली.

ही यादी वाचून कुणी म्हणेल, मग सगळंच खोटं. तसं होत नाही. एकाच वाहिनीत निर्भीड वार्ताहर आणि मिंधा संपादक शेजारी शेजारी बसलेले मी पाहिले आहेत. मालक रोज फोन करत नाही. पण काय आवडणार नाही हे डेस्कवर सगळ्यांना न सांगता कळतं, आणि त्या अंदाजाने बातम्या आपोआप गळतात. म्हणून मालकाच्या इतर धंद्यांशी संबंध असलेली बातमी आली की कान टवकारा: ती दाखवली का, किती वेळ दाखवली?

दक्षिणेत हे जास्त उघड आहे. सन टीव्ही मारन कुटुंबाची आणि तिचं द्रमुकशी नातं जगजाहीर, जया टीव्ही जयललितांच्या काळात अण्णाद्रमुकच्या बाजूची होती, केरळात कैरली माकपच्या पाठबळावरची. तिथला प्रेक्षक हे जाणून बघतो. मला ते लपवाछपवीपेक्षा प्रामाणिक वाटतं.

७. राजकारण वगैरे ठीक, पण हे सगळं टीआरपीसाठीच चालतं ना?

मोठ्या प्रमाणात, हो. बार्क ही संस्था निवडक घरांत मीटर लावून आकडे काढते. २०२० साली देशभरात असे मीटर साधारण ४४ हजार घरांत होते. एका भाषेतल्या वृत्तवाहिन्यांच्या वाट्याला त्यातली फार थोडी घरं येतात, त्यामुळे थोड्याशा घरांनी रिमोट फिरवला तरी आकडे हलतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण उघड केल्यावर वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले गेले आणि मार्च २०२२ मध्ये, चार आठवड्यांच्या सरासरीच्या रूपात, पुन्हा सुरू झाले. मधल्या सुमारे सतरा महिन्यांत आकडा नव्हता, तरी स्टुडिओतली आरडाओरड काही कमी झाल्याचं मला दिसलं नाही. सवय लागली होती.

दुसरं उत्पन्न सरकारी जाहिरातींचं. ते केंद्रात आणि राज्यात सत्तेवर जे असतील त्यांच्या हातात असतं, पक्ष कोणताही असो. छोट्या वाहिनीला हे जास्त जाचतं.

८. 'उबाठा', 'शिंदे गट', 'गद्दार', 'मिंधे' यांतला कोणता शब्द अँकरने वापरला तर पक्षपात?

मराठी वाहिन्यांबद्दल सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि तो क्षुल्लक नाही.

१७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने 'शिवसेना' हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या बाजूला दिलं. दुसऱ्या पक्षाचं नाव 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)', चिन्ह मशाल. ६ फेब्रुवारी २०२४ ला 'राष्ट्रवादी' हे नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या बाजूला गेलं आणि दुसरा पक्ष 'राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार)' झाला.

आता शब्द पाहा. 'उबाठा' हे लघुरूप दिसायला साधं आहे, पण ते हेटाळणीच्या सुरात बोलतात ते विरोधक. 'मिंधे', 'गद्दार', 'खोके' हे समोरच्या बाजूचे. ऑगस्ट २०२२ च्या अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर '५० खोके, एकदम ओके' ही घोषणा झाली, तेव्हापासून 'खोके' हा पैसे घेऊन बाजू बदलल्याचा आरोप आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पाहुण्याने हे शब्द वापरले तर ती त्याची भाषा. अँकरने आपल्या वाक्यात किंवा डेस्कने पट्टीत अवतरणचिन्हांशिवाय वापरले, तर वाहिनीने बाजू घेतली.

'शिंदेंची शिवसेना' आणि 'ठाकरेंची शिवसेना' हे बोलायला सोपं आणि दोघांना सारखं आहे. 'शिंदे गट' आणि 'ठाकरे गट' म्हणायचं तर दोघांनाही 'गट' म्हणा. एकाला 'पक्ष' आणि दुसऱ्याला 'गट' म्हटलं की माप बदललं.

९. एका नेत्याची सकाळची पत्रकार परिषद रोज थेट दाखवतात. तो पक्षपात नाही का?

संजय राऊत यांच्या सकाळच्या पत्रकार परिषदेबद्दल हा प्रश्न येतो. मग त्यांना उत्तर देणाऱ्यांच्या परिषदाही तशाच थेट दाखवतात, हे सांगितलं की प्रश्न विचारणारे जरा थांबतात.

इथे पक्षप्रेमापेक्षा स्वस्ताई जास्त आहे. एक कॅमेरा, एक वार्ताहर, आणि दिवसभर पुरणारा ऐवज: आधी बाईट, मग प्रत्युत्तर, मग संध्याकाळी त्यावर चर्चा. मेळघाटातल्या कुपोषणाची बातमी करायला दोन दिवस, गाडी आणि माणसं लागतात. दोष आहेच, पण तो वेगळ्या जातीचा आहे. थेट प्रक्षेपणात आरोप कुणी तपासत नाही, ज्याच्यावर आरोप झाला त्याचं म्हणणं त्याच वेळी येत नाही, आणि जो चटकदार बोलतो त्याला फुकट वेळ मिळतो. कमी बोलणारा, काम करणारा आमदार पडद्यावर दिसतच नाही.

१०. दोन्ही बाजूंना सारखा वेळ दिला की झालं निःपक्षपाती?

राजकीय मतभेद असेल तिथे बरंच झालं. वस्तुस्थितीचा प्रश्न असेल तिथे नाही. सर्पदंशावर मंत्रोपचार हवेत की इंजेक्शन, यावर एक डॉक्टर आणि एक मांत्रिक बसवून दहा-दहा मिनिटं दिली, तर तो समतोल नव्हे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. तरीही अशा 'दोन बाजू' मी पाहिल्या आहेत. तसंच, निकालपत्रात काय लिहिलं आहे यावर दोन प्रवक्ते अर्धा तास भांडतात आणि निकालपत्रातला तो परिच्छेद पडद्यावर कुणी दाखवत नाही. तो वाचून दाखवणं हे अँकरचं काम आहे, आणि ते केल्याने एका बाजूचं तोंड बंद झालं तरी तो पक्षपात होत नाही.

११. निवडणुकीच्या काळात वेगळे नियम असतात का?

हो. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत निवडणुकीच्या निकालावर परिणाम करील असं काही टीव्हीवर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मनाई आहे, आणि शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला कलम १२६अ नुसार. पैसे घेऊन छापलेल्या किंवा दाखवलेल्या बातमीची तक्रार जिल्हा पातळीवरच्या माध्यम देखरेख समितीकडे करता येते. अडचण अशी की मतदान अनेक टप्प्यांत असतं. तुमच्या मतदारसंघात शांतता काळ, आणि वाहिनीवर दुसऱ्या राज्यातली सभा थेट.

एक्झिट पोल चुकला म्हणून वाहिनी विकली गेली असं लगेच म्हणू नका. १ जून २०२४ च्या बहुतेक अंदाजांनी भाजपच्या रालोआ आघाडीला ३५० जागांच्या पुढे नेलं होतं, निकालात २९३ आल्या. नमुना चुकू शकतो. पक्षपात शोधायचा तर तो अंदाज सांगताना 'अंदाज' हा शब्द कितीदा उच्चारला, त्यात पाहा.

१२. दूरदर्शन सरकारी आहे. मग ते पक्षपातीच असणार ना?

दूरदर्शन चालवणारी संस्था म्हणजे प्रसार भारती. तिचा कायदा १९९० चा, अंमलात आला १९९७ मध्ये. कागदावर स्वायत्तता आहे, पण पैसा सरकारकडून येतो, आणि प्रत्येक सत्ताधाऱ्याने तिचा वापर केला आहे. विजयादशमी २०१४ ला सरसंघचालकांचं नागपूरचं भाषण दूरदर्शनने थेट दाखवलं तेव्हा मोठा वाद झाला. आणीबाणीत तर बातम्या म्हणजे सरकारी पत्रकच होतं.

तरी एक गोष्ट दूरदर्शनवर होते आणि खाजगी वाहिन्यांवर होत नाही: निवडणूक काळात मान्यताप्राप्त पक्षांना आयोगाने ठरवून दिलेला वेळ मिळतो. आणि सह्याद्रीच्या बातमीपत्रात आरडाओरड नसते. सरकारी कल ओळखून पाहिलं तर ते बातमीपत्र अजूनही उपयोगाचं आहे.

१३. तक्रार करायची तर कुठे आणि कशी?

आधी एक गैरसमज. प्रेस कौन्सिलकडे पाठवू नका. तिचा अधिकार वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता आहे, टीव्ही तिच्या कक्षेत नाही. दरवर्षी कितीतरी चांगल्या तक्रारी या चुकीने वाया गेलेल्या मी पाहिल्या.

केबल टीव्हीच्या नियमांत जून २०२१ मध्ये तीन पायऱ्या आल्या. पहिली पायरी वाहिनीच. तिने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत उत्तर. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियंत्रण संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे जायचं. तिथेही समाधान झालं नाही तर केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याकडे अपील. बऱ्याच मोठ्या वाहिन्या एनबीडीए या संघटनेत आहेत. तिचं प्राधिकरण म्हणजे एनबीडीएसए, अध्यक्षपदी निवृत्त न्यायमूर्ती. ते २००८ पासून आहे आणि पहिले अध्यक्ष होते न्या. जे. एस. वर्मा. रिपब्लिकसारख्या काही वाहिन्या दुसऱ्या संघटनेत आहेत, म्हणून सदस्यत्व आधी तपासा.

पत्रात राग लिहू नका. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव, आक्षेपार्ह वाक्य जसंच्या तसं, पट्टीवरचा मजकूर, आणि कोणत्या नियमाचा भंग झाला ते लिहा. केबलच्या कार्यक्रम संहितेच्या नियम ६ मध्ये खोटं, सूचक आणि अर्धसत्य दाखवायला मनाई आहे. पक्षपाताच्या तक्रारीत 'अर्धसत्य' हा शब्द सगळ्यात कामाचा. कार्यक्रम झाल्यापासून आठवड्याच्या आत पाठवा. यूट्यूबची लिंक उडू शकते, म्हणून पडद्याचे फोटो काढून ठेवा. प्रसारणाची नोंद ९० दिवस जपून ठेवणं वाहिनीवर बंधनकारक आहे, त्याचा उल्लेख करा. तोच विषय न्यायालयात चालू असेल तर प्राधिकरण तक्रार घेत नाही. वकील लागत नाही.

१४. पण तक्रारीने काही होतं का?

कधी कधी होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनबीडीएसएने एका नागरिकाच्या तक्रारींवर टाइम्स नाऊ नवभारतला एक लाख, न्यूज१८ इंडियाला ५० हजारांचा दंड केला, आज तकला समज दिली आणि ते कार्यक्रम इंटरनेटवरून काढायला लावले. वाहिन्यांच्या उत्पन्नापुढे एवढी रक्कम काहीच नाही, हे ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बोलून दाखवलं होतं. पण कार्यक्रम उतरवावा लागतो, आदेश जाहीर होतो, आणि डेस्कवर त्याची आठवण राहते. "मागच्या वेळी पत्र आलं होतं, हे शीर्षक नको," हे वाक्य मी स्वतः मीटिंगमध्ये ऐकलं आहे. ते पत्र निवृत्त शिक्षकाचं होतं, पोस्टकार्डावर लिहिलेलं.

फक्त 'अमुक पक्षाला झुकतं माप देतात' एवढंच लिहिलेली तक्रार मात्र टिकत नाही. राजकीय कल असणं हा नियमभंग नाही, खोटं सांगणं, अर्धसत्य सांगणं आणि समाजाविरुद्ध भडकवणं हा आहे.

१५. न्यायालयांनी वाहिन्यांना कधी सुनावलं आहे का? आणि परदेशात कसं आहे?

महाराष्ट्रातलेच दोन निकाल आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असं म्हटलं, आणि माध्यमांतल्या प्रचारावर कठोर शब्दांत बोट ठेवलं. तो प्रचार झाला तेव्हा मी अजून नोकरीत होते. रोज कोरोना रुग्णांचे आकडे लावताना एका समाजाचा वेगळा आकडा लावला जात होता. १८ जानेवारी २०२१ ला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. जी. एस. कुलकर्णी यांनी सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या प्रसारणाबद्दल निकाल दिला: माध्यमांनी चालवलेला खटला न्यायदानात ढवळाढवळ करतो.

इंग्लंडमध्ये ऑफकॉम ही नियामक संस्था बातम्यांसाठी निःपक्षपातीपणा सक्तीचा करते. अमेरिकेत १९४९ पासून वादाच्या विषयात दोन्ही बाजू दाखवायचा नियम होता. १९८७ मध्ये तो गेला, आणि १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आली. मात्र तो नियम हवेतून होणाऱ्या प्रसारणाला होता, केबलला नव्हता, त्यामुळे 'नियम गेला म्हणून फॉक्स आली' हे गणित इतकं सरळ नाही. तिथे लगाम येतो तो बदनामीच्या दाव्यातून. २०२० च्या निवडणुकीत मतदान यंत्रांत फेरफार झाला असं सांगितल्याबद्दल फॉक्सने एप्रिल २०२३ मध्ये ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीशी ७८ कोटी ७५ लाख डॉलरना तडजोड केली.

आपल्याकडे कठोर कायदा करा अशी मागणी होते. मला त्याची भीती वाटते, कारण तो चालवणार सरकार. मीडियावन या मल्याळी वाहिनीचा परवाना सुरक्षेच्या कारणाने अडवला होता. ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करताना सांगितलं की सरकारच्या धोरणांवर टीका करणं म्हणजे व्यवस्थाविरोध नव्हे.

१६. मी तपासू कसं? आणि मीच पक्षपाती असेन तर?

प्रत्येक जण थोडाफार असतो. आपल्या पक्षाच्या प्रवक्त्याला थांबवलं की 'गळचेपी' वाटते, दुसऱ्याला थांबवलं की 'बरं झालं'. म्हणून मनावर सोडू नका, मोजा.

एक वही घ्या आणि आठवडाभर दोन वाहिन्यांची रात्री आठची चर्चा, आलटून पालटून, लिहून काढा. रकाने चारच: विषय, पाहुणे आणि त्यांची खरी ओळख, कोणाला किती वेळा थांबवलं, सत्तेत असलेल्यांना थेट किती प्रश्न विचारले. शेवटचा रकाना विसरू नका. सत्तेत मुंबईत एक आणि दिल्लीत दुसरा असेल तर दोन्हींचे वेगळे मोजा. आणि सुरुवात तुम्हाला आवडणाऱ्या वाहिनीपासून करा. कार्यशाळेत ज्यांनी हे मनापासून केलं त्यांतले बरेच जण दुसऱ्या आठवड्यात गप्प होऊन परत आले.

१७. टीव्ही सोडून यूट्यूबवरचे पत्रकार बघतो. ते तरी स्वतंत्र आहेत ना?

मालकापासून अनेकदा हो. प्रेक्षकापासून नाही. ज्याचं उत्पन्न ठरावीक मताच्या वर्गणीदारांवर चालतं, त्याला त्यांना न आवडणारी बातमी सांगणं जड जातं. चांगलं काम तिथे चाललं आहे आणि मी स्वतः पाहते, पण प्रश्न १६ मधली वही तिथेही काढा. परदेशातले मराठी लोक बहुतेक वेळा पूर्ण चर्चा न पाहता तीन मिनिटांचा तुकडा पाहतात. त्यांना एवढंच सांगेन: तुकडा कुणी कापला, हे आधी शोधा.

१८. सासरे दिवसभर एकच वाहिनी लावून बसतात. काही बोललं की घरात वाद. काय करू?

वाहिनीला नावं ठेवू नका. ते त्यांना स्वतःला नावं ठेवल्यासारखं लागतं. "आज आपल्या तालुक्याचं काही दाखवलं का, बाबा?" एवढंच विचारा, आणि रोज विचारा. एखाद्या संध्याकाळी चर्चेचा आवाज बंद करून फक्त पट्ट्या वाचायला बसा, दोघं मिळून. पाच मिनिटं पुरतात.

सातारा जिल्ह्यातल्या एका सूनबाईंनी वहीचं काम थेट सासऱ्यांकडेच दिलं. ते निवृत्त तलाठी, नोंदी ठेवण्याची आयुष्यभराची सवय. वाहिनी त्यांनी बदललेली नाही. पण गेल्या महिन्यात त्यांचा मला फोन आला, की 'थांबवलं' आणि 'दटावलं' हे एकाच रकान्यात बसत नाही, वेगळा रकाना पाडू का. मी म्हटलं, पाडा.